हजरत कअब बिन मालिक (रजि.) : सबब न सांगणारे कवी

मदीनेचे हजरत कअब बिन मालिक (रजि.) हे शब्दांवर हुकूमत असलेले कवी होते. हिजरी 9 मध्ये तबूकच्या मोहिमेची हाक आली, तेव्हा त्यांच्यापाशी दोन उंटिणी होत्या आणि प्रकृतीही धडधाकट होती. परंतु दिवस फळे पिकण्याचे होते. आज निघू, उद्या निघू म्हणता म्हणता लष्कर दूर गेले आणि ते मागे राहिले.

प्रेषित मुहम्मद (स.) परतले, तेव्हा ऐंशीहून अधिक लोकांनी शपथा घेऊन सबबी सांगितल्या. कअब यांना त्याहून सरस सबब रचता आली असती. तरी त्यांनी आधी स्वतःशी व मग प्रेषितांसमोर कबूल केले, की आपल्यापाशी कोणतीच सबब नव्हती.

परिणाम कठोर झाला. त्यांच्याशी, तसेच खरे बोललेल्या मुरारा बिन रबीअ व हिलाल बिन उमय्या (रजि.) यांच्याशी बोलणे बंद करण्यात आले. गस्सानच्या राजाने सन्मानाचे आमंत्रण धाडले. ते पत्र कअब यांनी भट्टीत जाळले. पन्नास रात्रींनंतर या तिघांची तौबा कबूल झाल्याची आयत उतरली; ती सूरह तौबामध्ये (9:118) आहे.

दृष्टी गेल्यावर त्यांना हात धरून नेणारे पुत्र अब्दुल्लाह यांनी ही हकीकत खुद्द पित्याच्या तोंडून ऐकली. तीत पित्याने स्वतःची चालढकल जराही झाकली नव्हती.

आपण मुलांना बहुधा आपल्या यशाच्याच गोष्टी सांगतो. कअब यांनी आपल्या चुकीची गोष्ट सांगितली, आणि तीच वारसा ठरली. आपल्या घरात अशी एखादी गोष्ट आपण कधी सांगणार?