लोकमान्य टिळक आणि उत्क्रांतितत्त्व

बाळ गंगाधर टिळक (२३ जुलै १८५६ – १ ऑगस्ट १९२०) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्याचे अग्रणी, 'केसरी'चे संपादक आणि गणित व संस्कृत यांचे व्यासंगी होते. आधुनिक सृष्टिशास्त्र आणि ईश्वरनिष्ठा यांची सांगड घालण्याचे जे मोजके पद्धतशीर प्रयत्न मराठीत झाले, त्यांत त्यांच्या 'गीतारहस्य' या ग्रंथाची गणना करावी लागते. प्रस्तुत लेख त्यांच्या जीवनाच्या याच बाजूचा आहे.

पूर्वायुष्य

टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. संस्कृत व गणित यांची गोडी मुलाला त्यांच्याकडूनच लागली. डार्विनचा सजीवांच्या जातींच्या उगमावरील ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा टिळक तीन वर्षांचे होते. १८७२ साली वडील अखेरच्या आजारात असताना त्यांना गीतेवरील प्राकृत टीका वाचून दाखविण्याचे काम सोळा वर्षांच्या टिळकांकडे आले. गीतेशी त्यांचे नाते जडले ते तेव्हापासून.

डेक्कन कॉलेजात त्यांना गोपाळ गणेश आगरकर भेटले. दोघांनी मिळून शाळा व वृत्तपत्रे चालविली आणि १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. मिल्ल व स्पेन्सर यांच्या वाचनाने आगरकर अज्ञेयवादाकडे वळले. सृष्टीची घडण निसर्गनियमांनी उलगडत असेल, तर तेथे ईश्वराला जागा कोठे उरते, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. पाठ्यपुस्तकांत या दोघांचा वाद आधी सामाजिक की आधी राजकीय एवढ्यावर संपतो. त्याच्या मुळाशी हा प्रश्नही होता, हे सहसा सांगितले जात नाही. १८९५ साली आगरकर वारले. त्यांच्यावरील मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

विज्ञानाचे टिळकांना भय नव्हते. वेदांचा काळ ठरविण्यासाठी त्यांनी १८९३ च्या 'ओरायन'मध्ये ज्योतिर्गणिताचा, तर १९०३ च्या आर्यांच्या मूलस्थानावरील ग्रंथात हिमयुगाविषयीच्या भूगर्भशास्त्रीय संशोधनाचा आधार घेतला. त्यांचे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मंडाले आणि 'गीतारहस्य'

जुलै १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेच्या तुरुंगात नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ या काळात त्यांनी 'गीतारहस्य' शिसपेन्सिलीने लिहून काढले. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाईंच्या निधनाची वार्ता त्यांना तुरुंगातच कळली.

ग्रंथात डार्विन, स्पेन्सर आणि विशेषतः जर्मन शास्त्रज्ञ हेकेल यांची मते सांख्यशास्त्राशेजारी मांडली आहेत. जे मुळात नाही ते कार्यात उत्पन्न होत नाही, आणि एकाच मूळ प्रकृतीतून विविध सृष्टी क्रमाने विस्तारते, हे सांख्यांचे म्हणणे अर्वाचीन शास्त्राशी बरेचसे जुळते, असे टिळकांना दिसले. सृष्टी क्रमाक्रमाने घडली हे मान्य करण्यात त्यांना श्रद्धेची हानी वाटत नव्हती. मतभेद होता तो पुढच्या पायरीवर. हेकेलच्या मते चैतन्य हेही जड द्रव्याचेच कार्य. टिळकांनी हे नाकारले: प्रकृतीला जाणणारा प्रकृतीहून निराळा असलाच पाहिजे. सांख्य येथे पुरुष आणि प्रकृती अशी दोन स्वतंत्र तत्त्वे मानून थांबतात. टिळक वेदान्ताच्या आधारे आणखी पुढे जाऊन दोहोंच्या मुळाशी एकच परब्रह्म मानतात. म्हणजे उत्क्रांतीचा क्रम शास्त्राने सांगावा, आणि तो क्रम ज्याच्या आधारावर चालतो ते तत्त्व अध्यात्माने, अशी ही वाटणी आहे.

या मांडणीत एक उणीव राहते. सांख्यांचा क्रम बुद्धी, अहंकार, पंचमहाभूते अशा तत्त्वांचा आहे. डार्विनचा विषय सजीवांच्या जातींची वंशपरंपरा हा होता. डार्विनच्या नैसर्गिक निवडीला तर ईश्वरी हेतूची गरजच भासत नाही, आणि श्रद्धाळू माणसाची खरी अडचण तेथेच आहे. टिळकांनी तिच्यापेक्षा हेकेलच्या जडवादाशी झुंज घेणे पसंत केले.

जून १९१४ मध्ये टिळक सुटले. हस्तलिखित मात्र काही काळ सरकारकडेच अडकून पडले होते. ते परत मिळाल्यावर जून १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

संस्कृतात उत्क्रांती म्हणजे प्राण निघून जाणे, मृत्यू. म्हणून या सिद्धान्तासाठी गुणोत्कर्ष, गुणविकास किंवा गुणपरिणाम असे शब्द योजावेत, अशी सूचना टिळकांनी याच ग्रंथात केली होती. ते शब्द रुजले नाहीत. शाळेत आजही उत्क्रांती हाच शब्द शिकविला जातो.