चिमणरावांचा कागदावरून पडद्याकडे प्रवास

मराठी वाचकाला खळखळून हसविणारे चिंतामण विनायक जोशी हे मूळचे पाली भाषेचे व्यासंगी पंडित. १८९२ मध्ये पुण्यात जन्मलेल्या जोशी यांनी बडोद्याच्या महाविद्यालयात दीर्घकाळ अध्यापन केले आणि बडोदा संस्थानचे दप्तरखातेही सांभाळले. जातककथा मराठीत आणणाऱ्या या अभ्यासकाचे नाव घरोघरी पोहोचविले ते मात्र चिमणराव आणि गुंड्याभाऊ या जोडगोळीने.

'चिमणरावांचे चऱ्हाट' १९३३ मध्ये पुस्तकरूपाने आले. स्वतःचीच फजिती निरागसपणे सांगणारा पापभीरू चिमणराव आणि सोटा घेऊन धावणारा गुंड्याभाऊ यांच्यात मध्यमवर्गाने स्वतःला ओळखले. मास्टर विनायक यांनी १९४० मध्ये 'लग्न पहावं करून' हा चित्रपट केला. त्यात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ही जोडी पडद्यावर आणली.

१९६३ मध्ये जोशी यांचे निधन झाले. मुंबई दूरदर्शन सुरू झाले ते त्यानंतर नऊ वर्षांनी. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची चिमणराव-गुंड्याभाऊ मालिका त्यावर गाजली. परंतु प्रक्षेपणाची कक्षा मर्यादित होती. मुंबई-पुण्यात या मालिकेची चर्चा रंगत असताना यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावसारख्या गावांना चिमणराव भेटत होते ते पुस्तकांतूनच.

मालिकेचा चित्रपट करण्याची वाट परदेशात आधीच मळलेली होती. 'द मॅन फ्रॉम अंकल' या अमेरिकी हेरमालिकेच्या भागांत नवी दृश्ये घालून १९६४ पासून आठ चित्रपट तयार झाले. हेरकथेत एक मोहीम भाग जोडून घेते. जोशी यांची प्रत्येक कथा मात्र स्वयंपूर्ण, आणि तिची गंमत चिमणरावांच्या निवेदनात. सुटे किस्से एका सूत्रात ओवणे आणि निवेदनातील मिस्कीलपणा अभिनयातून पोहोचविणे, हेच खरे आव्हान होते.

विनय धुमाळे दिग्दर्शित 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपट १९७९ मध्ये आला. त्यातही प्रभावळकर आणि कर्वेच होते. चित्रपटाला मनोऱ्याची कक्षा आड येत नाही. जिथे चित्रपटगृह, तिथे त्याची रिळे पोहोचू शकतात. शहरी दिवाणखान्यापुरत्या राहिलेल्या चिमणरावांना त्यामुळे उर्वरित महाराष्ट्राची वाट खुली झाली. छोट्या पडद्यावरचे हे यश पाहणे त्यांच्या जनकाच्या नशिबी नव्हते. त्याचा पाया मात्र त्यांच्याच लेखणीने घातला होता.