हातात घड्याळ घेऊन धावणारा पावो नुर्मी

शाळेच्या क्रीडा महोत्सवात १५०० मीटरची शर्यत सुरू झाली की एक दृश्य दरवर्षी दिसते. शिट्टी वाजताच दहा-बारा मुले बाणासारखी सुटतात आणि दुसऱ्या फेरीत त्यातली निम्मी पोट धरून चालू लागतात. अशा मुलांसाठी ही पावो नुर्मीची ओळख.

पावोचा जन्म १३ जून १८९७ रोजी फिनलंडमधील तुर्कू शहरात झाला. वडील सुतार होते. १९१० साली ते वारले. शिकण्याच्या वयात शाळा सोडून पावो बेकरीत पोऱ्या म्हणून लागला. मालाने भरलेली हातगाडी ढकलत चढ चढायचा, हे त्याचे रोजचे काम. आपले पाय तिथेच बळकट झाले, असे तो पुढे सांगत असे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याच्याच देशाच्या हान्नेस कोलेहमाइनेनने तीन सुवर्णपदके मिळवली आणि या मुलाला धावण्याचे वेडच लागले.

१९२० साली अँटवर्पला तो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरला. (याच स्पर्धेत आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले, हेही लक्षात असू द्या.) ५००० मीटरमध्ये नुर्मीने सुरुवातीपासूनच वेग वाढवून सर्वांना दमवण्याचा प्रयत्न केला. फ्रान्सचा गिलमो मात्र मागे हटला नाही, आणि शेवटी तोच पुढे निघून गेला. काही दिवसांतच १०,००० मीटरमध्ये नुर्मीने त्याला हरवले खरे, पण पहिला पराभव तो विसरला नाही.

पुढे त्याची ओळख बनली ती हातातल्या स्टॉपवॉचमुळे. किती वेळात एक फेरी पूर्ण करायची हे तो आधीच ठरवी आणि धावताना घड्याळ पाहून तेवढ्याच वेळात ती पूर्ण करी. लोक त्याला यंत्र म्हणत. मला यात यंत्रापेक्षा हिशेबी डोके जास्त दिसते. सुरुवातीलाच जोरात पळाले की श्वास फुलतो, पाय जड होतात आणि पुढे कितीही जोर लावला तरी ती तूट भरून निघत नाही. समान वेगाने धावणाऱ्याची ताकद मात्र शेवटपर्यंत पुरते.

या हिशेबाची खरी परीक्षा १९२४ साली पॅरिसला झाली. १५०० आणि ५००० मीटर या दोन्ही अंतिम शर्यती १० जुलैला, एकाच दिवशी, तासाभराच्या आत होत्या. नुर्मीने तीन आठवडे आधी हेलसिंकीला याची तालीम केली होती आणि त्या एका दिवसात दोन्ही अंतरांचे जागतिक विक्रम मोडले होते! पॅरिसला १५०० मीटर त्याने ३ मिनिटे ५३.६ सेकंदांत जिंकली. थोडी विश्रांती घेऊन तो पुन्हा मैदानात आला. तो दमला असेल या आशेने रिटोला आणि स्वीडनचा विडे सुरुवातीलाच वेगाने निघाले. नुर्मी आपल्या घड्याळाप्रमाणे धावत राहिला. शेवटच्या टप्प्यात मात्र लढत वेळेशी नसून माणसाशी आहे हे ओळखून त्याने घड्याळ गवतावर फेकले आणि रिटोलाला अगदी थोडक्यात मागे ठेवले. वेळ होती १४ मिनिटे ३१.२ सेकंद. तिथला ट्रॅक ५०० मीटरचा होता, म्हणजे प्रत्येक फेरीला सरासरी ८७ सेकंद. आपल्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर हिशेब केला तर सुमारे ७० सेकंदांची एक फेरी, आणि अशा साडेबारा फेऱ्या. एक तरी धावून पाहा!

दोनच दिवसांनी भयंकर उन्हात क्रॉस-कंट्री शर्यत झाली. ३८ पैकी फक्त १५ धावपटू ती पूर्ण करू शकले. नुर्मी पहिला आला. तीन ऑलिंपिकमध्ये मिळून त्याने ९ सुवर्ण आणि ३ रौप्यपदके मिळवली.

१९३२ साली लॉस एंजेलिसला त्याला मॅरेथॉन धावायची होती, पण पैसे घेऊन धावल्याच्या आरोपावरून त्याच्यावर बंदी आली. स्वभावाने तो अबोल आणि काहीसा रूक्ष होता. हे दुःख मात्र त्याला आयुष्यभर राहिले. वीस वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला हातात ज्योत घेऊन एक पंचावन्न वर्षांचा माणूस स्टेडियममध्ये धावत आला. त्याला ओळखताच सारे प्रेक्षक उभे राहिले. २ ऑक्टोबर १९७३ रोजी नुर्मीचे निधन झाले.