टेंभूचे मास्तर

सांगोल्याकडच्या आपल्या वर्गमित्रांना टेंभू हे नाव पाण्याच्या योजनेमुळे ठाऊक आहे. कराडजवळ कृष्णेतून उचललेले पाणी त्यांच्या दुष्काळी शिवारापर्यंत येते. मला ते नाव प्रथम कळले ते मात्र शाळेत, आगरकरांच्या धड्यामुळे. स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा मला तेच आठवले. कारण सांगतो.

गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म टेंभूला १४ जुलै १८५६ रोजी झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शिकण्यासाठी त्यांनी कराड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण केली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना अंगात एकच सदरा होता. रात्री तो धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा. अशा घरातला मुलगा एम. ए. होतो, तेव्हा आईच्या डोळ्यांपुढे मामलेदारी दिसणारच. त्या काळात एवढ्या पदवीला सरकारी नोकरी चालून येत असे. आगरकरांनी आईला पत्राने कळवून टाकले, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ मी लोकांसाठी घालवणार आहे. आणि ते मास्तर झाले.

चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढले होते. आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. आजीव सभासदाने वीस वर्षे द्यायची आणि महिना ७५ रुपयांवर भागवायचे. तरीही विशीतले गोखले तिथे शिकवायला आले. टिळक बाहेर पडल्यावर १८९१ मध्ये गणितासाठी कर्वे आले. उत्तम पदवीधर कमी पगारावर का येत होते? एक तर शाळा त्यांची स्वतःची होती. काय शिकवायचे आणि कसे, हे तेच ठरवत. दुसरे म्हणजे, शेजारच्या वर्गात आपल्याच तोडीचा माणूस शिकवतो आहे, हे प्रत्येकाला दिसत होते.

त्यागाची ही कथा आपण भाषणात सांगतो, पण पुढचे पान उलटत नाही. पगार आणि बाहेरची मिळकत हे या मंडळींतल्या भांडणाचे एक मोठे कारण होते. संसार आगरकरांनाही होता. १८८२ मध्ये त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. 'केसरी' सोडून 'सुधारक' काढला. सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. दमा तर जन्माचा सोबती. १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेले. स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते.

ती पुडी मला आजही बोचते. मी डी. एड.ला जातो म्हणालो, तेव्हा माझी आई दोन दिवस बोलली नव्हती. चादरीच्या कारखान्यातून थकून येणाऱ्या वडिलांनी एवढेच विचारले, की दुसरीकडे कुठे नंबर लागला नाही का? त्यांचे काय चुकले? आजही प्राथमिक शिक्षणसेवकाला पहिली तीन वर्षे महिना सोळा हजार मिळतात. आगरकरांचा त्याग आपण इतक्या वर्षांनीही दुसऱ्याच्या पोरांकडून वसूल करतो आहोत.

त्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा सोलापूरकरांची छाती फुगली. त्या आठवड्यात मी वर्गात विचारले, शिक्षक कोणाला व्हायचे आहे? तीन हात वर आले. त्यांतला एक हात वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीचा होता. पुढच्या पालकसभेला तिचे वडील आले. मुलीला भलते वेड लावू नका, असे हात जोडून म्हणाले. मी त्यांना आगरकर सांगितले नाहीत. चांगली शाळा, वेळेवर पगार आणि शिकवण्याची मोकळीक मिळाली तर पाठवाल का, एवढेच विचारले. ते विचारात पडले.

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण आज संस्थाचालक आहेत, अधिकारी आहेत, आजी-आजोबा आहेत. येत्या जूनमध्ये नातीने घरी येऊन मला बाई व्हायचंय म्हटले, तर आपले तोंड कसे होते, ते आरशात पाहा. आपल्या गुरुजनांचा खरा सत्कार तिथे ठरेल.