तडकली, पण फुटली नाही

गेल्या हिवाळ्यात न्यू जर्सी टर्नपाइकवर पुढच्या ट्रकखालून दगड उडाला आणि थेट आमच्या काचेवर बसला. मागे चार वर्षांची लेक. काचेवर कोळ्याचं जाळं उमटलं, पण एक तुकडा आत आला नाही. घरी येऊन या काचेमागचा माणूस शोधला.

एदुआर बेनेदिक्टस, जन्म १८७८, पॅरिस. चित्रकार, नक्षीकार आणि रसायनतज्ज्ञही. १९०३ मध्ये प्रयोगशाळेत त्यांच्या हातून काचेचा फ्लास्क पडला. तडे गेले, पण आकार टिकला. आत सेल्युलोज नायट्रेट सुकून पातळ पापुद्रा धरला होता. पुढे मोटार अपघातांत काचांनी कापलेल्या लोकांच्या बातम्या वाचल्या आणि तो फ्लास्क आठवला. दोन काचांमध्ये सेल्युलॉइड चिकटवून १९०९ मध्ये पेटंट घेतलं, नाव ‘ट्रिप्लेक्स’. पहिल्या महायुद्धात ही काच गॅस मास्कच्या डोळ्यांना लागली. सेल्युलॉइड उन्हाने पिवळं पडायचं. १९३० मध्ये ते गेले. त्यानंतर पॉलिव्हिनाइल ब्युटिरलचा टिकाऊ थर आला, तोच आजही वापरतात.

आमचा कोड कोसळला की रीस्टार्ट करतो. रस्त्यावर ती सोय नसते. नवी काच बसवली, तेव्हा बेनेदिक्टसना मनातल्या मनात नमस्कार केला.