दाढ दुखण्याआधीचा दंतवैद्य

आपल्याकडे लहान मूल दंतवैद्याकडे जाते ते बहुधा दाढ ठणकू लागल्यावरच. लवंगेचे तेल लावून कशीबशी काढलेली रात्र आणि सकाळी दवाखान्याच्या दारात मुलाने मांडलेला आकांत गोव्यातील अनेक घरांना परिचित आहे. तोवर, दुधाचेच तर दात आहेत, आज ना उद्या पडणारच, अशी समजूत घरातली वडीलधारी मंडळी घालत असतात. मूल वेदनेने कळवळत येईल तेव्हा उपचार करायचे, या रिवाजाऐवजी दंतवैद्यकानेच आधी मुलाच्या शाळेत जावे, असा विचार शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका दंतवैद्याने केला आणि तो तडीसही नेला. डॉ. आल्फ्रेड सिव्हिलियन फोन्स हे त्यांचे नाव.

फोन्स यांचा जन्म 17 डिसेंबर 1869 रोजी कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट या कारखानदारीच्या शहरात झाला. वडील सिव्हिलियन फोन्स हे नामवंत दंतवैद्य होते आणि काही काळ त्यांनी शहराचे महापौरपदही भूषविले होते. आल्फ्रेड यांनी 1890 मध्ये न्यूयॉर्कच्या दंत महाविद्यालयातून पदवी घेतली आणि ते वडिलांच्या दवाखान्यात रुजू झाले. पुढचे आयुष्य सुखासमाधानात जाईल, अशीच ही सुरुवात होती. किडलेले दात काढणे, पोकळी भरणे, कवळ्या बसविणे या कामाला त्या काळी काहीच तोटा नव्हता.

फिलाडेल्फियातील डॉ. डी. डी. स्मिथ यांच्या कार्यपद्धतीशी परिचय झाल्यावर मात्र त्यांच्या विचारांना वेगळे वळण लागले. स्मिथ आपल्या रुग्णांना ठरावीक मुदतीने बोलावून त्यांचे दात काळजीपूर्वक स्वच्छ करीत आणि घरी निगा कशी राखायची हेही शिकवीत. फोन्स यांनी काही वर्षे हाच प्रयोग आपल्या रुग्णांवर करून पाहिला. त्याचा गुण त्यांना पटला. पण त्याबरोबरच अडचणही ध्यानात आली. एकट्या दंतवैद्याने उपचारही करायचे आणि प्रत्येकाचे दात घासून-पुसून द्यायचे, एवढा वेळ आणायचा कोठून?

त्यावर त्यांनी शोधलेला मार्ग साधा असला, तरी त्या काळच्या मानाने धाडसाचा होता. त्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करणाऱ्या, नात्याने बहीण लागणाऱ्या आयरिन न्यूमन यांना त्यांनी 1906 मध्ये दात स्वच्छ करण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण दिले. ज्याने दंतवैद्यकाची पदवी घेतलेली नाही, अशा व्यक्तीला रुग्णाच्या तोंडात उपकरण घालू द्यायचे, ही कल्पना अनेक व्यावसायिकांच्या पचनी पडणारी नव्हती. 1907 मध्ये कनेटिकटच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मदतनिसांना दात स्वच्छ करण्याची मुभा मिळाली. या कामासाठी डेंटल हायजिनिस्ट, म्हणजे दंतस्वच्छता आणि तिचे शिक्षण यांत प्रशिक्षित व्यक्ती, हा शब्दही फोन्स यांनीच रूढ केला. 1917 मध्ये न्यूमन या अशा कामाचा परवाना मिळविणाऱ्या पहिल्या ठरल्या.

17 नोव्हेंबर 1913 रोजी फोन्स यांनी आपल्या घोडागाडीच्या जागेचे रूपांतर वर्गात करून शाळा सुरू केली. 34 स्त्रियांनी प्रवेश घेतला. त्यांत शिक्षिका होत्या, परिचारिका होत्या आणि दंतवैद्यांच्या पत्नीही होत्या. नामांकित विद्यापीठांतील प्राध्यापक त्यांना शिकविण्यास आले. 1914 च्या जूनमध्ये 27 जणी उत्तीर्ण झाल्या. अशा तीन तुकड्या बाहेर पडल्या. त्यांच्या अभ्यासासाठी फोन्स यांनी मुखस्वच्छतेवर ग्रंथही सिद्ध केला. तो 1916 मध्ये प्रसिद्ध झाला.

या खटाटोपाचा खरा हेतू मात्र दवाखान्याच्या चार भिंतींपलीकडचा होता. ब्रिजपोर्टच्या गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या, देशोदेशींहून आलेल्या कुटुंबांची मुले सार्वजनिक शाळांत शिकत होती. दंतवैद्याची फी त्यांना परवडण्याजोगी नव्हती. फोन्स यांनी शहराच्या कारभाऱ्यांना पटवून 5,000 डॉलरची तरतूद मिळविली आणि प्रशिक्षित हायजिनिस्ट शाळाशाळांतून पाठविल्या. त्या मुलांचे दात स्वच्छ करीत, वर्गात ब्रश कसा फिरवायचा याची कवायत घेत, चित्रे दाखवून माहिती देत आणि पालकांसाठी सूचनाही धाडीत.

सुरुवात झाली ती पहिली-दुसरीच्या वर्गांपासून. यामागचे इंगित समजून घेण्यासारखे आहे. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्या जागी कोणताही दुधाचा दात पडलेला नसतो; त्यामुळे तीही दुधाचीच असावी, असे घरच्यांना वाटते आणि आयुष्यभर साथ देणारी दाढ दुर्लक्षाने किडते. दुधाचे दातही निरुपयोगी नसतात. मागाहून येणाऱ्या दातांची जागा तेच राखून ठेवतात. ते अकाली गेले, तर पुढचे दात वेडेवाकडे येण्याचा संभव असतो.

ब्रिजपोर्टमध्ये पाच वर्षे चाललेल्या या उपक्रमात मुलांच्या दातांची कीड लक्षणीयरीत्या घटल्याचे दिसून आले आणि इतर शहरांनीही तो मार्ग अनुसरला. फोन्स यांच्या कल्पनेला काळाच्या मर्यादाही होत्या. हे काम स्त्रियांनीच आणि दंतवैद्याच्या देखरेखीखालीच करावे, असे ते मानीत. फ्लोराइडचे दातांशी असलेले नाते तर तेव्हा उलगडलेच नव्हते. पण आजार होऊ न देणे हेही वैद्यकाचेच काम आहे, ही त्यांची मूळ भूमिका कालबाह्य झाली नाही. 15 मार्च 1938 रोजी त्यांचे निधन झाले. ब्रिजपोर्ट विद्यापीठात त्यांच्या नावाची शाळा 1949 मध्ये सुरू झाली.

भारताशीही या विचाराचा धागा जुळतो. आपल्याकडे आधुनिक दंतशिक्षणाचा पाया घालणारे डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी अमेरिकेत शिक्षण घेतल्यावर बोस्टनमधील मुलांच्या फॉर्सिथ दंत रुग्णालयात काम केले होते. मायदेशी परतून त्यांनी 1920 मध्ये कोलकात्यात दंत महाविद्यालय काढले. 1948 च्या भारतीय दंतवैद्यक कायद्याने हायजिनिस्टची व्याख्या केली, तेव्हा दात स्वच्छ करण्याबरोबरच दंतस्वच्छतेचे शिक्षण देणे हाही त्या कामाचा भाग मानला.

गोव्यात बांबोळीला 1980 पासून दंत महाविद्यालय आहे. तरीही सत्तरी-काणकोणच्या वाड्यावरील मुलाला दवाखाना हाकेच्या अंतरावर मिळेलच असे नाही. मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या इंदूर जिल्ह्यात, मानपूरसारख्या गावातही चित्र फारसे निराळे नसावे. शाळा मात्र बहुतेक ठिकाणी असते, आणि सहा वर्षांचे मूल तिथे रोज जाते. फोन्स यांनी नेमकी हीच गोष्ट हेरली होती. दवाखान्यात न आलेल्या मुलाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही, त्याचे श्रेय कोणाला मिळत नाही आणि फीही मिळत नाही. भरभराटीच्या व्यवसायात असलेल्या एका दंतवैद्याने अशा न येणाऱ्या मुलांसाठी आयुष्य वेचले, ही त्यांची खरी थोरवी. पहिलीच्या वर्गात आठवड्यातून एखादा तास दातांसाठी राखून ठेवणे आजच्या शाळांनाही अवघड जाऊ नये.