घरी जोडायची रेसिंग कार देणारा कॉलिन चॅपमन

यूट्यूबवर लोक गॅरेजमध्ये जुन्या रेसिंग कारची रेप्लिका बनवताना तुम्ही पाहिले असतील. त्यांत लांब नाकाची, उघडी, छोटीशी एक गाडी बऱ्याचदा दिसते: लोटस सेव्हन. तिचा कर्ता कॉलिन चॅपमन. जन्म १९२८, इंग्लंड.

लंडनमध्ये इंजिनिअरिंग शिकत असतानाच त्याने जुन्या ऑस्टिन सेव्हनवर काम करून आपली पहिली कार बनवली. १९५२ मध्ये लोटस कंपनी काढली आणि १९५७ मध्ये सेव्हन आणली. स्टीलच्या पाइपांची फ्रेम, वर ॲल्युमिनियमचे पत्रे, वजन साधारण ५०० किलो. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता, किटवर नव्हता. म्हणून त्याने सुटे भाग विकले. जोडणी ज्याची त्याने करायची! डिझाइन इतकं साधं, की आजही लोक पाइप वेल्ड करून तशी फ्रेम बनवतात.

चॅपमनचं गणित सरळ होतं. मोठ्या इंजिनाचा फायदा मुख्यतः सरळ रस्त्यावर. वजन घटवलं, तर वळणावर आणि ब्रेक मारतानाही फायदा. याच जोरावर त्याच्या टीमने फॉर्म्युला वनमध्ये कन्स्ट्रक्टर्सची ७ विजेतेपदं जिंकली.

पण हलकेपणाची किंमतही मोजावी लागली. १९७० मध्ये मोंझाला लोटसच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला आणि ड्रायव्हर योखेन रिंट गेला. चॅपमन स्वतः १९८२ मध्ये, ५४व्या वर्षी हार्ट अटॅकने गेला.

रेप्लिका बनवायची असेल तर त्याचा साधेपणा जरूर कॉपी करा. वजन मात्र ब्रेक आणि स्टीअरिंगमधून वाचवू नका.